कृत, कारित आणि पंचेचाळीस दिवस

क्षमावाणीच्या दिवशी सकाळी मंदिरातून येऊन मी पायरीवर चपला काढत होते, तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. बघते तर आमच्याच दुकानाचा मेसेज. वर कमळाचं चित्र, खाली माझं नाव घालून लिहिलेलं, की वर्षभरात कळत-नकळत आमच्याकडून आपलं मन दुखावलं असेल तर मोठ्या मनानं क्षमा करावी. त्याखाली दुकानाचं नाव, जीएसटी नंबर, आणि ऑर्डर देण्यासाठी इथे दाबा. अ‍ॅप तयार होत असताना मुलानं चाचणीसाठी माझा नंबर ग्राहकांच्या यादीत घातला होता, तो काढायचा राहून गेला, म्हणून मलाही माझ्या नवऱ्याच्या दुकानानं क्षमा मागितली.

हे तेव्हा अंघोळीला गेले होते. सकाळी आठ वाजता आपण तीनशे ऐंशी माणसांची क्षमा मागितली आहे, याचा त्यांना पत्ताच नव्हता. सणासुदीचे मेसेज अ‍ॅप आपणहून पाठवतं. दिवाळी, संक्रांत, रमजान, युगादी, तसंच क्षमावाणी.

उत्तरं येऊ लागली. बहुतेकांनी नुसते जोडलेले हात पाठवले. एक उत्तर मात्र आवाजात होतं. तुरमुरीच्या पुढच्या एका खेड्यात घराच्या सोप्यात दुकान चालवणारी एक बाई आहे, नवरा गेल्यापासून दोन मुलांना घेऊन एकटीच करते. ती म्हणाली, "वैनी, तुमी माफी मागितलासा, आमी दिली. पण गणपतीच्या आठवड्यात आमचा माल का बंद केलासा, त्ये काय सांगितला न्हाईसा."

मी ते दोनदा ऐकलं. मग हे बाहेर आल्यावर त्यांना ऐकवलं. ते टॉवेलनं डोकं पुसत म्हणाले, "मी कुठं बंद केला? अ‍ॅपनं अडवला असेल."

त्या एका वाक्यावर हा लेख आहे.

आम्ही हिंडलग्यात राहतो, दुकान बेळगावात रविवार पेठेत. किराणा होलसेल. साखर, तेल, रवा, डाळी, साबण. गावोगावच्या छोट्या दुकानांना माल द्यायचा आणि पैसे हप्त्याहप्त्यानं घ्यायचे, असा हा धंदा. सासऱ्यांच्या वेळी कीर्द-खतावणी होती आणि ती लिहिणारे दिवाणजी होते. पुढं टॅली आलं, ते हिशेबापुरतं. दिवाणजी थकले, घरी बसले, तेव्हा मुलानं पुण्याहून डोक्यात घेतलं की पप्पांना दुकानाचं स्वतःचं अ‍ॅप करून द्यायचं.

तयार मिळतं ते का नको, असं मी तेव्हा विचारलं होतं. त्याचं म्हणणं बरोबर होतं. आमच्या वेंगुर्ला रस्त्यावर सुळगा, तुरमुरी, बाची एवढी गावं झाली की पुढं शिनोळी लागतं, आणि शिनोळी महाराष्ट्रात. टेम्पो पाच-दहा मिनिटं पुढं गेला की बिलावरचा कर बदलतो, इकडचे दोन कर जाऊन एकच आंतरराज्य कर लागतो. ग्राहक निम्मे मराठीत वाचणारे, निम्मे कन्नडमध्ये. एकच डाळ, तिला दोन भाषांत चार नावं. बाजारात तयार मिळणाऱ्या अ‍ॅपला आमचा हा संसार कसा कळणार? तेव्हा शिंप्याला माप देऊन शिवून घेतात तसं अ‍ॅप शिवून घ्यायचं ठरलं.

शिंपी मिळाले ते बेळगावातलेच. इंजिनिअरिंग झालेली चार मुलं, एका गाळ्यात बसून काम करणारी. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय १९९८ पासून बेळगावात आहे, तरी शिकलेलं पोर बेंगळुरूची नाहीतर पुण्याची गाडी पकडतं. ही चौघं इथं राहिली याचंच मला कौतुक. मी त्यांना एकदा विचारलं, रे, एवढं मोठं काम तुम्ही चौघं कसं करता? त्यांनी सांगितलं ते ऐकून मी थक्क झाले. नकाशा एका कंपनीचा आयता जोडतात, पैसे घ्यायला २०१६ पासून यूपीआय आहेच, मेसेजला व्हॉट्सअ‍ॅप, आणि मधला जो प्रोग्रॅम लिहायचा त्यातला निम्मा आता एआयकडून लिहून घेतात. काय पाहिजे ते साध्या भाषेत सांगायचं, ते लिहून देतं, मग मुलं तपासतात. चॅटजीपीटी आलं २०२२ च्या नोव्हेंबरात. २०२५ च्या फेब्रुवारीत आंद्रेय कारपथी नावाच्या संगणकतज्ज्ञानं अशा सांगून लिहून घेण्याला व्हाइब कोडिंग असं नावही दिलं. एके काळी जे फक्त बँकेला, रेल्वेला परवडायचं ते आता रविवार पेठेतल्या किराणा दुकानालाही परवडतं. उद्या पिठाच्या गिरणीलाही परवडेल.

आणि अ‍ॅपनं चांगलं केलं नाही असं मी म्हणणार नाही. जुनी खतावणी काही दयेचा सागर नव्हती. सासरे मनानं चांगले, पण माणूस बघून उधारी देणारे. कोण कुठल्या जातीचा, कुणाचा कोण, कुणी गेल्या वेळी मान खाली घालून बोललं आणि कुणी नाही, हे सगळं त्या वहीत न लिहिताही असायचं. काही माणसांना काउंटरपाशी तासभर उभं राहावं लागे, ते मी नव्या नवरीच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. आता ती तुरमुरीपुढची बाई रात्री मुलं निजल्यावर फोनवर कन्नडमध्ये किंवा मराठीत बोट दाबून ऑर्डर टाकते. कुणापुढं उभं राहायचं काम नाही. भाव सगळ्यांना एक. हे न्यायाचंच झालं.

मग तिचा माल का अडला?

मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "आई, सिंपल आहे. पंचेचाळीस दिवसांच्या वर बाकी राहिली की नवी ऑर्डर ब्लॉक होते." मी म्हटलं, कुणी केलं हे? तो म्हणाला, सिस्टिम करते. मी म्हटलं, सिस्टिमला कुणी सांगितलं? त्यानं गाळ्यातल्या मुलांना विचारलं. त्यांनी संध्याकाळी एक कागद पाठवला. काम सुरू करण्याआधी ते असा कागद करतात, त्यात काय काय पाहिजे ते कलमवार लिहितात आणि खाली मालकाची सही घेतात. चौदावं कलम: ४५ दिवसांपेक्षा जास्त बाकी असल्यास नवीन ऑर्डर आपोआप थांबवावी. खाली ह्यांची सही. ह्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, सही माझीच आहे, पण हे कलम मी वाचल्याचं आठवत नाही.

आणि मग मला आठवलं.

२०२४ सालचा उन्हाळा. रात्री नव्हे, आम्ही दिवस मावळायच्या आत जेवतो, तर संध्याकाळचं जेवण चाललेलं. मुलगा आला होता. तो भाकरी मोडता मोडता म्हणाला, पप्पा, लिमिट किती दिवसांची ठेवायची, पंचेचाळीस की साठ? तेव्हा पेठेत पंचेचाळीस हा आकडा सगळ्यांच्या तोंडी होता, कारण छोट्या उद्योगांचे पैसे पंचेचाळीस दिवसांत द्यायच्या कायद्याला आयकरवाल्यांनी नुकता दात लावला होता. हे गप्प बसले. त्यांना असं काही ठरवायचं जिवावर येतं. मी आमटी वाढत होते. मी म्हटलं, "पंचेचाळीसच ठेवा. साठ म्हटलं की लोक नव्वद करतात."

मी म्हटलं. आमटीचा डाव हातात घेऊन. ती बाई तेव्हा माझ्या मनात कुठंच नव्हती, कुणीच नव्हतं. आकडा होता.

आमच्याकडे लहानपणी पाठशाळेत जपमाळेचे मणी एकशे आठ का, हे शिकवत. हिशेब असा आहे. कुठल्याही कर्माच्या तीन पायऱ्या: संरंभ म्हणजे करायचं मनात घेणं, समारंभ म्हणजे त्याची साधनं जुळवणं, आरंभ म्हणजे प्रत्यक्ष सुरू करणं. प्रत्येक पायरी मनानं, वाचेनं, कायेनं. ते प्रत्येक स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि दुसऱ्यानं केलेल्याला होकार दिलेलं, म्हणजे कृत, कारित, अनुमोदित. आणि त्या प्रत्येकाच्या मागं क्रोध, मान, माया, लोभ यांपैकी एक. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस, सत्तावीस चोक एकशे आठ. पाप यायच्या एकशे आठ वाटा. मला तेव्हा हे गणिताचं कोडं वाटायचं. एवढ्या वाटा मोजत बसणाऱ्या माणसांचं हसूही यायचं.

आता हसू येत नाही. कारण एखाद्या धंद्यानं स्वतःसाठी अ‍ॅप करून घेणं म्हणजे या तक्त्याची जणू घडी उलगडणं आहे. काय पाहिजे ते ठरवलं, साधनं जुळवली, सुरू केलं. बोललो, लिहिलं, सही केली. आणि मधला शब्द, कारित, तो तर अगदी नेमका. तयार अ‍ॅप घेतलं असतं तर निदान म्हणता आलं असतं की बाबा, ते मुंबई-अमेरिकेत कुणीतरी केलंय, आम्ही नुसते वापरतो. तेही पूर्ण खरं नसतं, पण म्हणता येतं. इथं तेवढीही जागा नाही. माप आम्ही दिलं होतं. काखेत घट्ट झालं तर शिंप्याकडं बोट दाखवून भागत नाही. ह्यांचं कारित. मुलांचं कृत. माझी अनुमोदना, किंवा खरं म्हणजे त्याहून थोडी जास्तच.

पण ह्यांचं वाक्य मला सोडेना. "अ‍ॅपनं अडवला असेल." हे खोटं बोलणारे नव्हेत. त्यांना खरोखर तसं वाटत होतं. आणि मग माझ्या लक्षात आलं, की गेली दोन वर्षं ह्यांचा रक्तदाब बरा आहे, झोप बरी लागते. पूर्वी कुणाला उधार नाकारावं लागलं की त्या दिवशी हे नीट जेवत नसत. आता नाकारायचं काम अ‍ॅप करतं, लाल चौकटीत, नम्र भाषेत, आणि ह्यांना ते कळतही नाही. आम्ही एवढे पैसे मोजून जे विकत घेतलं त्यात हिशेब होता, नकाशा होता, बिल होतं, आणि 'नाही' आपल्या तोंडानं म्हणण्यातून सुटकाही होती. बिलावर तिची वेगळी ओळ नव्हती इतकंच.

हे फक्त आमच्या किराण्यात घडतं असं नाही. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसनं फुजित्सू कंपनीची होरायझन नावाची संगणकव्यवस्था १९९९ पासून गावोगावच्या पोस्टांत बसवली. तिथली छोटी पोस्टं आपल्याकडच्या दुकानांसारखी, घरातली माणसं चालवतात. होरायझनच्या हिशेबात रोकड कमी दिसायला लागली. माणसं म्हणत, आम्ही घेतले नाहीत हो. पण तिथल्या न्यायालयांत संगणक बरोबर चालतो असंच धरून चालत, तो चुकला हे दाखवायचं ओझं आरोपीवर. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक माणसांना दोषी ठरवलं गेलं. त्यांत सीमा मिश्रा नावाची एक भारतीय वंशाची बाई होती. २०१० मध्ये तिला तुरुंगात टाकलं, तेव्हा ती गरोदर होती, आणि मोठ्या मुलाचा त्या दिवशी दहावा वाढदिवस होता. तिचं नाव स्वच्छ झालं २०२१ मध्ये. बाकीच्यांची शिक्षा रद्द करायला २०२४ मध्ये पार्लमेंटला वेगळा कायदा करावा लागला. मी यातलं वाचताना सारखी एकाच गोष्टीशी अडत होते: इतक्या वर्षांत इतक्या कचेऱ्यांतल्या इतक्या माणसांनी ते आकडे पाहिले, आणि प्रत्येकाला वाटलं की हे संगणक सांगतोय, मी नाही.

आमच्याकडं कुणी तुरुंगात गेलं नाही. तरी हिंडलग्याचा तुरुंग रोज डोळ्यांसमोर असल्यामुळं असेल, ती बाई माझ्या डोक्यातून जाईना.

क्षमा मेसेजवर मागायची नाही, असं ठरवून मी दुसऱ्या दिवशी टेम्पोत बसले. टेम्पोमामा आमच्याकडं सतरा वर्षं आहेत. वैनी, तुमी कशाला, म्हणाले, पण दार उघडलं. त्यांच्या पुढ्यात फोन लावलेला. त्यावर निळी रेघ, पुढचा थांबा, तिथं पोचायची वेळ. उशीर झाला की रेघ लाल होते आणि एक बाई इंग्रजीत काहीतरी बोलते. त्या दिवशी एकवीस थांबे होते. पूर्वी बारा-तेरा असत. मुलानं अभिमानानं सांगितलं होतं, अ‍ॅपनं रस्ता असा काही लावला की त्याच डिझेलमध्ये आठ दुकानं जास्त.

उचगाव फाटा गेला, दीड वाजला, दोन वाजले. सीटमागं मामांचा डबा कापडात बांधलेला. मी म्हटलं, मामा, जेवायचं कधी? ते म्हणाले, "जेवायचं ह्या नकाश्यात न्हाई की वैनी. चार वाजता शिनोळीचं शेवटचं दुकान झालं की मग खातो. कधी खातो, कधी तसाच आणतो परत." आणि हसले. त्यांना साखरेचा त्रास आहे, गोळ्या चालू आहेत, हे मला माहीत होतं. त्यांच्या बायकोशी मी दर आठवड्याला बोलते.

मी तिथंच मुलाला फोन लावला. तो बिचारा मीटिंगमध्ये होता. हळू आवाजात म्हणाला, "अगं आई, लंचसाठी फील्डच नव्हतं. कुणी सांगितलंच नाही ना."

अहिंसाणुव्रताचे जे अतिचार सांगितलेत त्यांत अतिभारारोपण आहे, झेपेल त्यापेक्षा जास्त भार लादणं. आणि अन्नपाननिरोध आहे, खाण्यापिण्याच्या वेळी अन्नपाणी न मिळू देणं. हे बैलांना आणि घरच्या गड्यांना धरून सांगितलेलं. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात तर लोभानं जास्त हाकणं आणि जास्त भार वाहायला लावणं हे परिग्रहाच्या अतिचारांत घातलंय, म्हणजे जास्त हाकण्यात हिंसा आहेच, पण मूळ हाव आहे, असं त्यांना दिसलं. बैलगाडीच्या काळातली ही गोष्ट. बैल थकला की मान टाकतो, तोंडाला फेस येतो, हाकणाऱ्याला ते दिसतं. आमच्या इथं हाकणारा नकाशा आहे आणि आम्ही रविवार पेठेत गादीवर. आठ दुकानं वाढली ती आम्हाला दिसली, डबा दिसला नाही. डब्याला फील्ड नव्हतं.

निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत काम करणाऱ्या बायकांची गोष्ट आमच्या भागात अजून सांगतात. १९८० च्या आगेमागे त्या एकत्र आल्या, मजुरीसाठी, माणसासारखं वागवण्यासाठी भांडल्या, आणि युगांतर या बायकांच्या गटानं १९८२ मध्ये त्यांच्यावर माहितीपटही केला. विडीच्या धंद्यात वळलेल्या विड्यांतल्या किती छाटून बाजूला टाकायच्या हे तपासणारा ठरवतो, आणि छाट म्हणजे बाईचे पैसे गेले. तो जुलूमच. पण तो करणारा समोर बसलेला असे. त्याच्या तोंडावर ओरडता येत होतं, त्याच्या मालकाच्या दारात जाऊन बसता येत होतं. मामा कुणावर ओरडणार? त्या इंग्रजी बोलणाऱ्या बाईवर? कर्नाटकानं २०२५ मध्ये गिग कामगारांसाठी कायदा केला, त्यात काम देणारी-काढणारी यंत्रणा कशी ठरवते हे विचारायचा हक्क कामगाराला दिला आहे, कामावरून काढायचं तर लेखी कारण आणि चौदा दिवसांची नोटीस. चांगलं झालं. पण तो प्लॅटफॉर्मवर काम करणाऱ्यांसाठी. मामा आमचे पगारी माणूस, त्यांनी आम्हाला विचारायचं. आणि सतरा वर्षांच्या मिठाला जागून त्यांनी विचारलं नाही.

त्या बाईकडं पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. दुकानात मुलगी होती, ती आत सांगायला गेली. मी क्षमा मागितली तेव्हा ती संकोचून गेली, पाणी आणलं, चहा ठेवते म्हणाली. मग सगळं सांगितलं. तिच्या गिऱ्हाइकांचे पैसे रताळी निघाली की येतात. आमच्या पश्चिम भागात रताळ्याचं पीक, नवरात्रात त्याला भाव. तोवर ती त्यांना उधार देते, आणि आम्ही तिला. सासऱ्यांच्या वेळीही हे असंच होतं, फक्त ते कुठल्या वहीत लिहिलेलं नव्हतं, दिवाणजींच्या डोक्यात होतं. गणपतीच्या आदल्या आठवड्यात लाल चौकट आल्यावर तिनं फोन केला, तो अ‍ॅपमधल्या उत्तर देणाऱ्या यंत्रानं घेतला. मग ती एसटीनं बेळगावला आली, किरकोळ भावानं साखर-रवा घेतला, दोन पोती डोक्यावरून स्टँडपर्यंत आणली. त्या भावानं विकून तिला काही सुटलं नाही, आणि काही गिऱ्हाइकं गेली ती गेलीच. तिनं हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. पाऊस किती पडला हे सांगावं तसं सांगितलं.

"दुकानात का आला नाहीत?" मी विचारलं. "बेळगावात आलाच होता की."

"अण्णांनीच बंद केला म्हटल्यावर कशी येणार वैनी?"

तिच्या लेखी अ‍ॅप वगैरे काही नव्हतंच. अण्णांनी बंद केला होता. आमच्या घरात कुणालाच जे दिसत नव्हतं ते तिला सरळ दिसत होतं.

परत आल्यावर घरात दोन दिवस वाद झाला. शेवटी तीन गोष्टी झाल्या. थांबे सोळावर आणले आणि एक ते दोन नकाशा गप्प बसतो. पंचेचाळीस दिवस तसेच ठेवले, पण ऑर्डर आपोआप अडत नाही. ह्यांचा फोन वाजतो, आणि हो की नाही ते ह्यांनी दाबायचं, नाही दाबलं तर त्या ग्राहकाला स्वतः फोन करून सांगायचं. आणि क्षमावाणीचा मेसेज बंद. मुलाला तिसरी गोष्ट पटली, पहिली कळली, दुसरी अजिबात आवडली नाही. त्याच्या मते आम्ही अ‍ॅपचं पुन्हा दिवाणजी केलं.

त्याचं खरं म्हणणं पुढं आहे. गाळ्यातल्या मुलांनी नवी आवृत्ती सुचवली आहे. तिच्यात पंचेचाळीस हा आकडाच नाही. गेल्या वर्षांची सगळी बिलं, कोण कधी पैसे देतं, कुठल्या गावात कुठल्या महिन्यात वसुली थांबते, हे सगळं एआयला शिकवायचं, आणि तेच प्रत्येक ग्राहकाचा अंदाज करून किती माल सोडायचा ते ठरवणार. मुलगा म्हणतो, "आई, तुझ्या त्या बाईला यातच न्याय मिळेल. रताळ्याचा सीझन ते आपणहून ओळखेल. तुझ्या पंचेचाळीसला रताळी कुठं माहीत होती?"

याला माझ्याकडं चटकन उत्तर नव्हतं, अजूनही पुरतं नाही. तो बरोबर असू शकेल. माझा आकडा आंधळा होता हे मी पाहिलंच आहे. पण मी त्याला विचारलं, ते चुकलं तर? तुरमुरीपुढच्या आणखी कुणा बाईला नको म्हटलं, तर का म्हटलं हे मला सांगता येईल का? तो जरा थांबून म्हणाला, थोडंफार सांगता येतं, पूर्ण नाही. चौदावं कलम असं बोट ठेवून दाखवता येणार नाही.

मला वाटतं माझी अडचण तिथं आहे. पंचेचाळीस चुकीचे होते, पण ते कुणाच्या तरी तोंडून निघाले होते, आणि दीड वर्षानं का होईना ते तोंड सापडलं. माझं. म्हणून मी टेम्पोत बसू शकले. नव्या आवृत्तीत तो आकडा कुणीच बोललेलं नसेल. मग कृत कुणाचं, आणि क्षमा मागायला कुणी जायचं? आपल्या शास्त्रकारांनी हिंसेच्या मुळाशी प्रमाद सांगितला आहे, गाफीलपणा. तेव्हा माहीत नव्हतं म्हणून सुटका नाही, माहीत करून न घेणं हेच कर्म. त्या न्यायानं, जे कळणार नाही अशाच्या हाती दुसऱ्याचं ताट द्यायचं, याचीच सही करताना मला जाब द्यावा लागेल असं मला वाटतं. मुलगा म्हणतो, माणसाच्या मनातलं तरी कुठं पूर्ण कळतं? आजोबांनी एखाद्याला तासभर उभं केलं, ते का, हे आजोबांना तरी सांगता आलं असतं का? हेही खरं. पण आजोबांना विचारता आलं असतं. निदान लाज वाटायची शक्यता होती.

नव्या आवृत्तीचा कागद आला आहे. अकरा पानं. या वेळी ह्यांनी तो माझ्याकडं दिला, तूच वाच म्हणाले. मी पाचव्या पानावर आहे. समजत नाही तिथं पेन्सिलीनं खूण करते आणि गाळ्यातल्या मुलांना विचारते. ती कंटाळत नाहीत, बिचारी.

परवा दुपारी हे जेवायला बसले आणि फोन वाजला. कडोलीकडचा एक दुकानदार, बाकी मोठी, तीन महिन्यांची, आणि वायदे मोडायची सवय. हे उठले, बाहेर सोप्यात गेले. त्यांचा आवाज मला आत ऐकू येत होता. "नाही जमणार रे," ते म्हणत होते, "नाही, या वेळी नाही सोडत... मीच सांगतोय, हो, मीच." मग बराच वेळ ते नुसतं ऐकत होते.

आत आले तेव्हा भाकरी गार झाली होती. मी ती काढून दुसरी वाढली. त्यांनी अर्धीच खाल्ली.